पाठीचे चार चौकोन

प्रसूती वॉर्डात तिला सगळे रेघाताई म्हणतात. सतरा वर्षं ती सोनोग्राफीचं मशीन चालवते. छातीत संसर्ग झालेली गरोदर बाई आली, की ती मशीनचा हातात धरायचा प्रोब छातीवर टेकवून फुफ्फुसं बघते. पडद्यावर आडव्या रेघा दिसल्या तर फुफ्फुस कोरडं. वरून खाली ओघळणाऱ्या उभ्या रेघा दिसल्या तर ओलं. कागदावर बारा चौकोन असतात, छातीच्या एकेका जागेसाठी एक. चार पुढचे, चार कुशीचे, चार पाठीचे.

त्या सकाळी आठव्या महिन्यातली एक बाई ताप-खोकल्याने दाखल झाली. सासू दारातच अडून बसली.

"एक्स-रे काढू देणार नाही. पोटात जीव आहे."

"आजी, हा एक्स-रे नाही. बाळ बघतात ना, तेच मशीन."

"मग बाळच दाखवा की," बाई म्हणाली. "सारखं लाथा मारतंय. बापावर गेलंय."

"आधी आईची हवा, मग साहेबांचं दर्शन."

पुढचे चौकोन झाले, कुशीचे झाले. सगळीकडे आडव्या रेघा. पाठीसाठी उठवून बसवलं, तर खोकल्याची उबळ थांबेना. "टेक जरा. पाठ नंतर बघते," म्हणत रेघाताईने प्रोब पोटावर ठेवला. इवलंसं हृदय लुकलुकलं. बाई हसली. सासू चष्मा पुसून पुन्हा बघू लागली. बाहेर पुढची पेशंट खोळंबली होती. रेघाताईने कागद ओढला आणि हाताच्या सवयीने बाराही चौकोनांत ‘कोरडं’ लिहिलं.

तो कागद बघून डॉक्टरांनी बाईला साध्या वॉर्डात ठेवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिला एक वाक्य धड पुरं करता येईना. डॉक्टरांनी कुशीवर वळवून पाठ बघितली. दोन्ही बाजूंना उभ्या रेघा, एकीला एक चिकटलेल्या. सिझेरियन करून मुलगी काढली, ती वाचली. आई चौथ्या दिवशी गेली.

पाठ राहिल्याचं रेघाताईने स्वतःच डॉक्टरांना सांगितलं. "कदाचित आदल्या दिवशी कोरडीच असेल," ते म्हणाले. चौकशीतही तेच ‘कदाचित’ लिहिलं गेलं.

बाईचा नवरा आपल्या आईला घेऊन मुलीला घरी न्यायला आला, तेव्हा रेघाताई कुठे बसते ते विचारत विचारत सोनोग्राफीच्या खोलीपर्यंत आला.

"तुम्ही बाळ दाखवलंत. फोनवर दुसरं काही बोललीच नाही ती. म्हटलं, आभार मानून जावं."

"आभार नका मानू, दादा. तिची पाठ बघायची राहिली. मी न बघताच कोरडी लिहिली."



"किती वेळ लागतो पाठ बघायला?"

"दोन मिनिटं."

"आणि बाळ दाखवायला किती लागला?"

"तेवढाच," रेघाताई म्हणाली.

त्याने मुलीला आजीच्या हातातून घेतलं आणि दोघं निघून गेली.