साडूंचा रानरेडा

पुण्यात राहून आफ्रिकेतल्या रानरेड्याशी वैर धरणारा माणूस साऱ्या महाराष्ट्रात एकच असेल, आणि तो नेमका माझा थोरला साडू निघाला. बरं, घराण्यात शिकारीची परंपरा म्हणावी, तर तेही नाही. भाऊ (आम्ही सगळे त्यांना भाऊच म्हणतो) जन्मात अंड्याच्या पुढे गेले नाहीत, आणि तेवढंही डॉक्टरांनी सांगितलं म्हणून. खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्यात काडतुसं तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. दुसऱ्यांच्या बंदुकांची काळजी वाहण्यात केस पिकलेला हा माणूस निवृत्तीनंतर एक दिवस चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, "साडूभाऊ, मी आफ्रिकेला जाऊन रानरेडा मारणार आहे."

"ताईंना ठाऊक आहे का?" मी घाबरून विचारलं.

ताई म्हणजे माझ्या बायकोची मोठी बहीण. स्वयंपाकघरातून त्यांचा आवाज आला, "मला ठाऊक आहे. रेड्याला कळवायचं राहिलंय."

पण भाऊंची तयारी थट्टेवारी नेण्यासारखी नव्हती. तिकडे म्हणे तीन काठ्यांच्या तिकाटण्यावर बंदूक टेकवून नेम धरतात. भाऊंनी तीन वेळू नाडीनं बांधून तिकाटणं केलं, त्यावर पडद्याचा दांडा ठेवला आणि धनकवडीतल्या आपल्या इमारतीच्या गच्चीवर रोज सकाळी शेजारच्या पाण्याच्या टाकीवर नेम धरायला सुरुवात केली. शेजारचे गृहस्थ विचारायला आले, तर भाऊ शांतपणे म्हणाले, "तुमची टाकी रेड्याच्या मापाची आहे. आमची लहान पडते." गृहस्थ म्हणाले, "आपण रेडा मारा हो, पण टाकी गळायला लागली तर दुरुस्तीला आपल्यालाच बोलावणार." पाठीवरच्या पिशवीत गहू भरून भाऊ तळजाईची टेकडी चढायचे. खऱ्या बंदुकीची सवय व्हावी म्हणून नेमबाजीच्या क्लबात नाव घातलं, आणि तिथल्या कॉलेजच्या पोरी त्यांना "अंकल, रिलॅक्स!" म्हणत शिकवू लागल्या. एकदा मला कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात नेऊन त्यांनी गव्याच्या कुंपणापाशी उभं केलं आणि बोटानं दाखवलं, "हृदय खाली असतं, पुढच्या पायाच्या रेषेत. लोक वर मारतात, मग तो जखमी होऊन झुडपात शिरतो." शेजारी वेफर्स खात उभं असलेलं एक कुटुंब न बोलता मगरींकडे निघून गेलं.

नातेवाइकांनी निदान करून टाकलं होतं, की डोक्यावर परिणाम झाला. कारणही सगळ्यांना ठाऊक होतं. निखिल, त्यांचा एकुलता एक मुलगा, लोणी काळभोरला कॉलेजात शिकवायचा. एका संध्याकाळी मोटारसायकलवरून घरी येताना सोलापूर रस्त्यावर मागून कसलीशी गाडी त्याला उडवून निघून गेली. कोणती गाडी, कोण चालवत होतं, ते कधीच कळलं नाही. तो बराच वेळ रस्त्याच्या कडेला पडून होता. शेजारून वाहनं जात होती. कुणीतरी थांबेपर्यंत सगळं संपलं होतं.

भाऊ तेव्हा रडले नाहीत, कुणाला शिव्याही दिल्या नाहीत. त्या घरातून निखिलचं नाव तेवढं नाहीसं झालं. भाऊ उच्चारत नाहीत म्हणून ताई नाहीत, आणि ताई नाहीत म्हणून भाऊ नाहीत.

कात्रजला त्या दिवशी बाकावर बसल्यावर मी विचारलं, "भाऊ, पण रेडाच का?"

"रेडा समोरून येतो," ते म्हणाले. "गोळी लागली तरी पळत नाही, वळून अंगावर येतो. कोण कुणाला मारतंय, ते दोघांनाही दिसतं."

एवढ्या खर्चाबद्दल माझ्या बायकोनं ताईंकडे विषय काढला, तेव्हा ताई भाजी निवडत म्हणाल्या, "ते पैसे त्याच्या लग्नाला ठेवलेले आहेत. आता त्या पैशांना दुसरं काय काम?"

आणि भाऊ खरंच गेले. परतले तेव्हा आम्ही दोघं त्यांच्या घरी जमलो होतो. माणूस उन्हानं काळवंडला होता. माझ्या बायकोनं सहज विचारलं, "भाऊ, शिंगं कुठायत?"

"नाही आणली." ते खुर्चीत बसले आणि आपणहून सांगू लागले. कळपातून हाकलला गेलेला एक म्हातारा रेडा होता. त्याच्या मागावर कितीतरी चालले. शेवटी तो दिसला, नेम नीट बसला. "पण तो अंगावर आलाच नाही हो. माझ्याकडे वळलाही नाही. चार पावलं गवतात गेला आणि पडला. मग त्यानं जो हंबरडा फोडला! थेट आपल्या गोठ्यातला आवाज. बरोबरचा शिकारी माझा हात हातात घेऊन अभिनंदन करायला लागला. म्हणाला, जवळ जायचं नाही, लांबच थांबायचं. मी हात सोडवला आणि गेलो. तो ओरडत मागून आला, बंदूक रोखून उभा राहिला. मी रेड्याच्या पाठीशी खाली बसलो. श्वास थांबेपर्यंत बसलो."

"का बसलात?" ताईंनी विचारलं.

"निखिलजवळ कुणी बसलं नव्हतं गं."

किती महिन्यांनी ते नाव त्या खोलीत आलं होतं.

"मला वाटलं होतं, समोरून मारलं की काहीतरी वेगळं असेल," भाऊ म्हणाले. "काही वेगळं नसतं. मरणारा एकटाच मरतो. आणि या खेपेला मारणारा मी होतो."

ताई उठल्या. मला वाटलं, आत जातील. त्या भाऊंच्या खुर्चीपाशी जमिनीवरच बसल्या आणि म्हणाल्या, "मला लोणीला न्या. ती जागा मी बघितलेली नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी काढली. जागेला काही खूण नव्हती. उसाचं शेत, पंक्चरचं दुकान आणि अखंड वाहणारा रस्ता. भाऊंनी धुळीत वर्तमानपत्र पसरलं. दोघं त्यावर बसली. ट्रक गेला की ताईंचा पदर उडायचा. मग त्या रडल्या, मोठ्यानं, रस्त्याकडे तोंड करून. भाऊ त्यांची पर्स मांडीवर धरून बसले होते, आणि त्यांच्याही गालांवरून पाणी वाहत होतं. ते पुसायला त्यांचा हात रिकामा नव्हता.

येताना रसवंती दिसली म्हणून मी थांबलो. भाऊ दुकानदाराला म्हणाले, "आलं घालू नका. आमच्या निखिलला चालायचं नाही."

"कोण म्हणतं?" ताई मागच्या सीटवरून म्हणाल्या. "आल्याशिवाय घोट घ्यायचा नाही तो."

"अगं, माझ्याबरोबर प्यायचा की!"

"तुमच्यासमोर बोलला नसेल बिचारा."

मी गाडी सावकाश हाकत होतो. हडपसर आलं तरी त्या वादाचा निकाल लागला नव्हता, आणि तो लागू नये असंच मला वाटत होतं.