मास्तरांनी न काढलेली चूक

आमचे मालक कपाशीत पालथे पडले होते आणि तोंडातून फेस येत होता. फवारणीच्या पंपाचं नोझल तुंबलं की ते काढून तोंडाने फुंकायची त्यांची जुनी सवय. शंभरदा सांगून झालं होतं. मी त्यांना कुशीवर वळवलं आणि फोन काढला. त्या रानात बोलणं होत नाही, आवाज तुटतो. मेसेज मात्र जातो. वस्तीच्या ग्रुपवर लिहिलं, 'मालक पडले फवारनीच औशद तोंडात गेल लवकर या.'

उत्तर आलं ते एकट्या मास्तरांचं. त्यांचं नाव दिसलं तेव्हा माझ्या मनात आलं, आता हा माणूस 'औषध' कसं लिहायचं ते सांगणार.

तसं वाटायला कारण होतं. मास्तर आमच्या भिंतीला भिंत लागून राहत. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले, पण तपासणं काही सुटलं नाही. ग्रुपवर कोणी लाईटची वेळ टाको की दुधाचा भाव, खाली लगेच तेच वाक्य शुद्ध लिहून यायचं आणि शेजारी गुलाबाचं फूल. टोमणा नाही, रागावणं नाही. फूल हमखास. पोरं त्यांना गुलाब मास्तर म्हणत. त्यांना ते माहीत होतं.

एकदा वस्तीतली एक म्हातारी वारली. तिच्या मुलाने ग्रुपवर टाकलं, तेही मास्तरांनी दुरुस्त केलं. त्या दिवशी फूल टाकलं नाही, एवढाच काय तो मान. मुलगा दारात येऊन भांडला. म्हणाला, "माझी माय गेली मास्तर, अन् तुम्ही वेलांट्या मोजून राह्यले."

मास्तर खाली बघत म्हणाले, "तिचं नाव चुकल्तं रे. शेवटचं तरी बराबर लिहावं."

मुलगा तसाच परत गेला. दोघांपैकी कोणी चुकलं असं मला वाटलं नाही. पण मास्तरांनी तो दिवस सोडायला हवा होता.

मी त्यांना तोंडावर म्हणत असे, समजलं म्हणजे झालं, ग्रुप काय परीक्षेचा पेपर आहे का. एकदा मी चुलीपुढे असताना ते ओट्यावरून म्हणाले, "भाकर तोडूनच खायची असती वहिनी, मंग गोल कशाला थापता?"

मी म्हटलं, "कड जाड राह्यली तर फुगत न्हाई म्हणून. तुम्हाला दाखवायला न्हाई."

"तेच म्हणून राह्यलो मी," असं म्हणून त्यांनी चहा मागितला. चहाही त्यांना बशीच्या काठावर थेंब सांडलेला चालत नसे. त्यांची बायको लवकर का गेली, ते मी कधीमधी त्यांना चिडवून सांगायची. ते हसायचे.

त्यांच्या या नादाने ग्रुपचं मात्र वाटोळं झालं. सुना लिहायच्या बंद झाल्या, आवाजाचे मेसेज टाकू लागल्या, कारण बोलण्यात वेलांटी दिसत नाही. तरण्या पोरांनी तर ग्रुपचा आवाजच बंद करून ठेवला. मास्तर एकटे चष्मा लावून सगळं वाचत बसायचे.

तर कपाशीत मी ते उत्तर उघडलं. त्यात दोनच शब्द होते. 'कोणतं रान?'

मी लिहिलं, 'गायरानाजवळच.'

दुधाची गाडी घेऊन मास्तर आले. अर्धी दाढी झालेली, दुसऱ्या गालावर साबण वाळलेला. त्यांनी आधी मालकांचा सदरा फाडून काढला, अंगावर पाणी ओतलं, मग ड्रायव्हरने आणि आम्ही उचलून गाडीत टाकलं. आधी वडीगोद्रीला नेलं, तिथून जालन्याला. वाटेत मास्तर मालकांचं डोकं मांडीवर धरून बसले होते आणि दर थोड्या वेळाने त्यांना नाव विचारत होते. नाव सांगितलं की म्हणत, "बराबर."

वस्तीतली पोरं संध्याकाळी दवाखान्यात आली. मान खाली घालून म्हणाली, काकू, ग्रुप बंद होता, मास्तरांमुळं. मी म्हटलं, मास्तरांमुळंच ते आत श्वास घेऊन राह्यलेत.

मालक घरी आल्यावर मास्तर बघायला आले. मी चहा ठेवला आणि विचारलं, "माझं तेवढं तपासायचं राह्यलं का?"

"त्याच्यात चूक नव्हती," ते म्हणाले.

मी नंतर ते उघडून पाहिलं. चौथीच्या पोरालाही दिसतील अशा चुका होत्या. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोणीतरी सोयाबीनबद्दल लिहिलं, तर खाली शुद्ध वाक्य आणि गुलाब हजर.

मास्तर मागच्या थंडीत झोपेतच गेले. ग्रुपवर श्रद्धांजली आली, चुकीची, बरोबर, सगळीच, कोणी काही दुरुस्त केलं नाही. मीही नाही. पण तेव्हापासून ग्रुपवर जे येतं ते मी शेवटपर्यंत बघते. दुधाचा भाव, लाईटची वेळ, सगळं. चुका काढायला नाही. कोणाचं तरी लक्ष असावं म्हणून.

नोझल आता मालक तारेने साफ करतात. ते जगले.