नशमील आणि दुसरा पेला

आमच्या दोलासूर गावात पाहुण्याच्या पेल्यातला चहा संपू देत नाहीत. पुरे झाला असेल तर पाहुण्याने रिकाम्या पेल्यावर चमचा आडवा ठेवायचा. तोंडाने कितीही "नको, नको" म्हटलं तरी ते कुणी ऐकत नाही. हमदामीनच्या घरी तर चमचाही चालत नाही. तो चमचा अलगद उचलून बाजूला ठेवतो आणि ओततो. एकदा त्याच्याकडे शेळी बघायला गुरांचा डॉक्टर आला. शेळी आपली आपण व्याली, पिल्लू उठून दूध प्यायला लागलं, तरी डॉक्टर बिचारा बैठकीवर चहाच पीत होता. जाताना त्याला काक, म्हणजे दादा, अशी हाक मारून म्हणाला, "काक हमदामीन, शेळी ठणठणीत आहे, आता मलाच तपासा."

त्या घरात चमच्याचा मान राखणारी एकच, त्याची मुलगी नशमील. परकर सांभाळत चालायच्या वयाची असल्यापासून ती बापाचा हात धरायची. "बाबा, त्यांनी चमचा ठेवलाय!" आणि बाप म्हणायचा, "अगं, लाजतायत ते."

हमदामीनची अक्रोडाची बाग झाब नदीच्या उतारावर आहे. त्याच्या आजोबाने लावलेली. शेजारच्या देशाशी झालेल्या लढाईत ज्या उन्हाळ्यात जवळच्या सरदश्त शहरावर विषारी वायूचे बॉम्ब पडले, त्याच उन्हाळ्यात एक या बागेत पडला. नीट फुटला नाही, नुसता चिरला आणि आतलं तेलकट विष जमिनीत मुरत राहिलं. मस्टर्ड, म्हणजे मोहरीचा गॅस म्हणतात, पण वास लसणासारखा. शिपाई आले, कवच उचलून घेऊन गेले, बागेभोवती काटेरी तार मारून गेले. माझा खोकला त्याच उन्हाळ्याचा. तो मध्येमध्ये येईल, तुम्ही लक्ष देऊ नका.

आम्हाला वाटलं, पाऊस-बर्फाने विष धुऊन जाईल. कसलं जातंय! मातीत त्याच्या गाठी होतात, वर साल धरते आणि आत ते जिवंत राहतं. हमदामीनची मेंढी तारेखालून आत शिरली, तिला ओढून काढताना त्याच्या बायकोच्या हातांवर असे फोड आले की सबंध हिवाळा नवऱ्याने तिला घास भरवला. तेव्हापासून अक्रोड झाडावर पिकायचे, खाली पडायचे, तिथेच कुजायचे. हमदामीन रोज संध्याकाळी तारेपाशी जाऊन उभा राहायचा.

नशमील तारेपलीकडची बाग बघतच मोठी झाली. शिकायला ऊर्मिया शहरात गेली ती रसायनाच्या प्रयोगशाळेतच रमली. आधी काचेची भांडी धुवायची, मग यंत्रं चालवायला लागली, मग स्वतःचे प्रयोग. सुट्टीला आली की मी विचारायचो, "काय गं रोला, लेकी, शिकवतात काय तिथे?"

मला ती माम, म्हणजे काका, म्हणते. सांगायची, "माम ब्रायम, त्या विषाच्या पोटात गंधक आहे. सगळी खोडी त्याची. त्याला प्राणवायूचा एक घास दिला की विष थंड. पण दुसरा घास गेला की पुन्हा खवळतं. एकावर थांबायला हवं."

"म्हणजे तुझ्या बापाच्या हाती द्यायचं काम नाही," मी म्हणालो. ती हसून लोळली. मीही हसलो, पण पुढे काय वाढून ठेवलंय ते कुणाला ठाऊक होतं!

मागच्याच्या मागच्या वर्षी सरकारी माणूस आला, इंजिनियर तवक्कोली. माणूस भला, पण घाईचा. त्याने बाग बघितली आणि सांगितलं, "झाडं तोडायची, वरून काँक्रीट ओतायचं. गाव सुरक्षित."

हमदामीनने किटली उचलली. त्याने चहा ओतला. पेला भरला, बशी भरली, चहा सतरंजीवर यायला लागला, तेव्हा नशमीलने त्याच्या हातातली किटली काढून घेतली आणि ती इंजिनियरला म्हणाली, "मला एक संधी द्या. माती शुद्ध करून दाखवते. नाही जमलं तर ओता काँक्रीट."

परवानगी मिळाली. ऊर्मियाहून माती तपासायच्या यंत्राची गाडी आली. रबरी पोशाख, मुखवटे, सगळं आलं. बागेतली विषारी माती पत्र्याच्या ट्रेमध्ये भरून ठेवली. प्रत्येक ट्रेमध्ये प्राणवायूचा घास देणाऱ्या औषधाचं एकच माप टाकायचं. हमदामीन अडूनच बसला. "बाग माझी. मापं मी टाकणार." त्याला रबरी पोशाख घातला तेव्हा त्याची बायको म्हणाली, "लग्नातही एवढा सजला नव्हता."

यंत्राच्या पडद्यावर तीन जागा. विष असेल तर पहिल्या जागी डोंगर उठतो. विष थंड झालं असेल तर मधल्या जागी. आणि जास्तीचा घास गेला असेल तर तिसऱ्या जागी. सगळं गाव गाडीच्या दाराशी. पहिली जागा सपाट. मधे डोंगर उठला, आम्ही टाळ्या वाजवल्या. आणि मग तिसऱ्या जागी, मधल्याहून उंच, दुसरा डोंगर उठला.

"झालं की," इंजिनियर म्हणाला. "पुढच्या आठवड्यात सिमेंट मागवतो."

नशमीलने मान वळवली. "बाबा, मापं किती टाकलीत?"

हमदामीन मुखवटा हातात घेऊन उभा. "दोन दोन टाकली, रोला."

"दोन? का?"

"अगं, एकच कसं द्यायचं? माणसाला बरं वाटत नाही ते!"

त्याची बायको कडाडली, "विषाला पाहुणचार करतोयस, मेल्या? माझ्या हातावरचे फोड विसरलास?" लोक हसायचं की रडायचं त्या घोळात. हमदामीनचं तोंड असं झालं की मी त्याच्याकडे बघू शकलो नाही.

नशमील मात्र रागावली नाही. गाडीच्या पायरीवर बसून तिने बापाच्या हातांकडे बघितलं. मग म्हणाली, "चूक औषधाचीच आहे. आपल्या मुलखात हात सैल सुटणारच. कितीही ओतलं तरी स्वतःच थांबेल असं औषध पाहिजे. इंजिनियरसाहेब, सिमेंट यायला आठवडा आहे ना? तेवढा द्या."

तिच्याजवळ तसं एक होतं. प्रयोगशाळेत दिव्याखाली चालायचं, उघड्यावर कधी वापरलेलं नव्हतं म्हणून तिने आणायचं धाडस केलं नव्हतं. डाळिंबाच्या दाण्यासारखी तांबडी पूड. ती ऊन पिते आणि हवेतल्या प्राणवायूला जागं करते. जागा झालेला तो प्राणवायू गंधकाला एकदा भेटतो. एकदा भेटलेल्या गंधकाकडे मग वळूनसुद्धा बघत नाही. मला तिने असंच समजावलं, आणि चौथीपर्यंत शिकलेल्या मला ते समजलं.

पूड आली. बागेतली नवी माती पाण्यात पातळ करून ट्रेमध्ये पसरली. नशमीलने पुडीचा डबा बापाच्या पुढे धरला.

इंजिनियर दचकला. "पुन्हा त्यांच्याच हाती?"

"त्यांच्याच. बाबा, मनाला येईल तेवढं टाका."

हमदामीन मागे सरला. "मापाने देतो गं, या खेपेला अगदी मापाने."

"मापबीप काही नाही. घरी पाहुणा आलाय असं समजा."

मग काय! मुठीच्या मुठी गेल्या. पाणी रक्तासारखं लाल झालं. ढग नव्हता, दिवसभर चरचरीत ऊन. तो ढवळायचा, पुन्हा टाकायचा. संध्याकाळी पोशाखातून निघाला तेव्हा पावाच्या भट्टीतून निघाल्यासारखा लालबुंद.

पुन्हा गाडीचं दार, पुन्हा सगळं गाव. पहिली जागा आली, सपाट. मधे डोंगर उठला, उंच, एकटाच. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. पडद्यावरची रेघ पुढे सरकत होती. तिसऱ्या जागेपाशी आली. मला खोकला आला तो मी दाबून धरला. रेघ चालत राहिली, चालत राहिली, टोकाला पोचली. सपाट. झाबच्या पाण्यासारखी सपाट!

"थांबलं," हमदामीन पुटपुटला. "एवढं दिलं तरी थांबलं!"

त्याच्या बायकोने जी किलकारी मारली ती नदीपलीकडे ऐकू गेली असेल. मी तर इंजिनियरचाच हात धरून नाचायला उभा राहिलो, आणि तो सुद्धा नाचला. पाय चुकत होते त्याचे, पण नाचला. सिमेंट आलं त्याची शाळेची भिंत बांधली.

माती शुद्ध करायला दोन उन्हाळे गेले. पट्ट्या पाडून, एकेक पट्टी उन्हात घालून. प्रत्येक पट्टी नशमीलने यंत्रावर तपासली, अक्रोडसुद्धा तपासले, मगच तार काढू दिली. या शरदात आम्ही अक्रोड पाडायला काठ्या घेऊन बागेत शिरलो. अक्रोडाच्या हिरव्या सालीने हात काळे होतात, ते कितीतरी दिवस जात नाहीत. आमच्या पोरांना ते माहीतच नव्हतं. ती एकमेकांना काळे पंजे दाखवत गावभर धावत होती. हमदामीनची बायको फोडांचे डाग असलेले आपले हात पुढे करून म्हणाली, "बघा, सगळे झाकले गेले."

झाडाखालीच चहा झाला. इंजिनियर खास शहरातून आला होता. पाचव्या पेल्यानंतर त्याने चमचा आडवा ठेवला आणि आशेने नशमीलकडे पाहिलं.

नशमील अक्रोड फोडत होती. तिने मान वर केली नाही.

हमदामीनने चमचा उचलला, बाजूला ठेवला आणि ओतला.