नवं मशीन, जुनी पिशवी

हे मी नवऱ्याजवळ बोलले नाही, आईजवळ नाही, देवापुढे हात जोडतानासुद्धा नाही. तुम्हाला का सांगते आहे, तेही मला नीट कळत नाही. तुम्ही आमच्या घरात येत नाही, वनिताला ओळखत नाही — कदाचित म्हणूनच.

वनिता माझी धाकटी जाऊ. दर्यापूरकडची. लग्न होऊन अकोल्याला आमच्या जठारपेठेतल्या घरी आली तेव्हा तिने ओव्हन जवळून पाहिलेलासुद्धा नव्हता. मी मात्र घरून केक करून विकायची. शेजारीपाजारी, शाळेतल्या बाई, हळूहळू ओळखीच्यांच्या ओळखी. काम वाढलं तसं मी अमरावतीहून, माहेरच्या गावातून, एक मोठं स्टँड मिक्सर आणलं. जड मशीन, खाली स्टीलचं भांडं, वरून फिरणारा फेटायचा दांडा. घरात सगळे त्याला 'ताईचं मशीन' म्हणायचे. ते मला आवडायचं.

वनिता शेजारी उभी राहून बघायची. मग भांडी धुवायला लागली, मग मैदा चाळायला, मग एक दिवस मला ताप होता म्हणून तिने एकटीने केक केला. तो माझ्यापेक्षा हलका झाला होता. मी चव घेतली आणि म्हटलं, "बरा झालाय." बरा? इतका चांगला केक मला कधी जमला नव्हता. थोड्याच दिवसांत फोनवर लोक विचारू लागले — तुमच्या जाऊबाई करणार आहेत ना? मी हसून हो म्हणायची. हे आधी सांगितलं पाहिजे, कारण नाहीतर पुढचं सगळं नुसता निष्काळजीपणा वाटेल.

एका दुपारी पाहुणे येणार होते. दाळ-बट्टीचा बेत होता. वनिता बाजारात गेली होती, आणि मला बट्टीची कणीक मळायचा कंटाळा आला. जाड दळलेली गव्हाची कणीक, घट्ट, भरपूर — मी ती सगळी त्या मशीनमध्ये टाकली आणि वेग शेवटपर्यंत फिरवला. मशीन कण्हायला लागलं. तरी मी थांबवलं नाही. मग आतून काहीतरी कट्कन वाजलं आणि जळका वास आला. मी बटन बंद केलं, कणीक काढून हाताने मळली, भांडं धुतलं, मशीन पुसून त्यावर कापड टाकलं. खिडकी उघडली. पाहुणे जेवून गेले.

तोवर मी सांगू शकले असते. माझंच मशीन होतं, कोण काय बोलणार होतं मला?

दुसऱ्या दिवशी सकाळी एका बाळाच्या पहिल्या वाढदिवसाचा केक द्यायचा होता. वनिताने क्रीम ओतून मशीन सुरू केलं. ते खरखरलं, धूर आला आणि थांबलं. ती धावत माझ्याकडे आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"ताई, मी काईच नाही केलं वो. निसतं बटन दाबलं."

सासूबाई मागोमाग आल्या. "तिले का समजते मशिनीतलं? तिच्या हाती देलं कावून तुनं?"

मी काय केलं असेल? मी वनिताच्या पाठीवर हात ठेवला. "जाऊ दे," म्हटलं. "होतं असं." सगळ्यांना मी किती समजूतदार वाटले. तिने त्या दिवशी सगळं क्रीम हाताने फेटलं. संध्याकाळी तिचं मनगट सुजलं होतं, आणि त्यावर हळद लावून दिली ती मीच.

पण हे अजून ते नाही. जे सांगायचं आहे त्याच्याभोवती मी फिरतेच आहे.

मशीन वॉरंटीत होतं. मी ते घेऊन अमरावतीला गेले. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "यात कणीक वगैरे मळली होती का?" मी म्हटलं, "नाही. फक्त केक." तिने मशीन ठेवून घेतलं. काही आठवड्यांनी फोन आला — त्या मशीनच्या आतला गिअरच कच्चा निघत होता, बऱ्याच लोकांच्या तक्रारी आल्या होत्या, तुम्हाला बदलून नवीन देतोय. मी पुन्हा गेले. नवंकोरं खोकं माझ्या हातात दिलं. "तुमची काही चूक नाही, मॅडम," ती मुलगी म्हणाली.

तुमच्या लक्षात येतंय? मला खरं सांगायचीही गरज उरली नव्हती. घरी जाऊन एवढंच म्हणायचं होतं — मशीनच खराब होतं, वनिता, बघ, नवीन दिलं त्यांनी. माझी लाज राहिली असती, आणि तीही सुटली असती.

मी माहेरी गेले. खोकं फोडलं. मशीनवरचं प्लास्टिक, चिकटवलेले कागद, सगळं काढलं. नवं मशीन माझ्या जुन्या कापडी पिशवीत भरलं. आई बघत होती.

"खोकं कावून टाकून राहिली व? चांगलं आहे ना."

"बसमध्ये मावत नाही," मी म्हटलं.

अकोल्याला पोचले तेव्हा सगळे ओट्याजवळ जमले. सासूबाईंनी विचारलं, तेव्हा मी म्हटलं, "दुरुस्त करून आणलं. म्हणाले, नीट वापरायला पाहिजे." हे शेवटचं वाक्य कुणीच म्हणालं नव्हतं. ते मी बसमध्ये बनवलं होतं. बडनेऱ्यापासून मूर्तिजापूरपर्यंत मी ते मनात म्हणून बघत होते.

वनिताने मान खाली घातली. म्हणाली, "आता मी नाही लावत हात ताई. माह्या हातानं पुन्हा बिघडन."

मी तिला एकदाही 'असं काय म्हणतेस' म्हटलं नाही. तिने पुन्हा त्या मशीनला हात लावला नाही. केकही केला नाही. फोनवर लोकांनी काही दिवस विचारलं, मग विचारणं थांबलं. आता जठारपेठेत केक म्हटलं की माझं नाव घेतात.

मागच्या वर्षी तिची मुलगी ओट्याशी स्टूल ओढून उभी राहिली. बटन दाबायचं म्हणाली. वनिताने तिचा हात धरून तिला खाली घेतलं. "नको बाई," म्हणाली, "आपल्या हाताले मशीन धार्जिणी नाही." आपल्या. मुलीच्यासुद्धा. मी समोर होते, हातात क्रीमची पिशवी घेऊन. मी केकवर नाव लिहीत राहिले.

आजही मी क्रीम फेटायला लावते तेव्हा वनिता बाहेरच्या खोलीत मेथी निवडत असते, नाहीतर मुलीचा अभ्यास घेत असते. मशीनकडे तिची पाठ असते. आणि मधेच, नुसत्या आवाजावरून, ती तिथूनच म्हणते, "ताई, बंद करा आता. फाटन ते क्रीम."

मी बंद करते. दांडा वर करून बघते. क्रीम बरोबर झालेलं असतं.