नोंद झाली आहे, धन्यवाद

'धन्यवाद' या शब्दाची मला शिसारी आली आहे. लग्नपत्रिकेत असो, सभेच्या शेवटी असो, चालवून घेते. पण मोबाईलच्या पडद्यावर हिरव्या खुणेशेजारी तो दिसला की मी फोन पालथा ठेवते. याला कारण माझी जुनी नोकरी.

मंचरला एका कांदा व्यापाऱ्याच्या वखारीवर माझी खोली आहे. तिथे बसून मी पुण्यातल्या एका छोट्या कंपनीचं काम करायचे. खाली कांदा सडायचा आणि त्याचा वास जिन्यावरून वर यायचा. येणारे-जाणारे नाक दाबायचे. मला वासाची सवय झाली होती. निदान तो वास खरा होता.

कंपनीनं गावांसाठी एक ॲप काढलं होतं. दिवा बंद आहे, नळाला पाणी नाही, बिबट्या दिसला, जे असेल ते बटण दाबायचं. बिबट्याची खबर आली की कंपनीनं नेमलेली गाडी जायची, फटाके वाजवून आणि उजेड पाडून त्याला पिटाळायची. गावोगावी हे ॲप मीच फोनमध्ये घालून दिलं. माझ्या मामांनाही दिलं. मामा बेल्ह्याच्या बाजूला मेंढरं घेऊन फिरतात. भावकीतल्या बाकीच्यांनी मेंढरं विकून शेती धरली, यांनी धरली नाही.

ॲपची आतली रचना सांगते, कारण घाण तिथेच होती. दिव्यासाठी एक प्रोग्राम, पाण्यासाठी दुसरा, बिबट्यासाठी तिसरा, प्रत्येक आपापल्या कंटेनरमध्ये, म्हणजे वेगळ्या डब्यात, बंद. अशा कंटेनरच्या समूहाला क्लस्टर म्हणतात. बाहेरून येणाऱ्याला यातलं काही दिसत नाही. त्याच्यासाठी एकच दार असतं, इंग्रेस. या दारावर नियम लिहिलेले असतात. खबरेबरोबर ॲप जो पत्ता पाठवतं त्यात बिबट्या असेल तर या प्रोग्रामकडे, दिवा असेल तर त्या. आणि कुठलाच नियम लागू पडला नाही, तर 'इथे असं काही नाही' असं तोंडावर सांगून परत पाठवायचं. प्रोग्रामच्या नव्या आवृत्त्या मी चढवायचे. दाराचे नियम मात्र सर स्वतःच्या हातात ठेवायचे. सर म्हणजे आमचे मालक.

एके दिवशी सकाळी मामांचा फोन आला.

"पोरी, तुजी मानसं लई उशीर लावत्यात राव," ते म्हणाले. "आता नाय आली तरी चालंल म्हनावं."

आवाज नेहमीचाच होता, म्हणून मला जास्त भीती वाटली. स्कूटी काढली आणि हायवेच्या त्या गर्दीतून ट्रकांच्या मधून मधून बेल्हं गाठलं. मामा एका शेतकऱ्याच्या रानात उतरले होते. खतासाठी मेंढरं रानात बसवायची, त्या बदल्यात शेतकऱ्यानं धान्य द्यायचं, ही आमच्याकडची रीत. एकदा शब्द दिला की पूर्ण रान बसवून झाल्याशिवाय उठायचं नाही. उठायचंच झालं तर कारण तसंच लागतं.

मामी मेंढरं कोंडायच्या जाळीजवळ बसल्या होत्या. पुढ्यात राखणीच्या कुत्रीचा पट्टा होता. कुत्री नव्हती. दोन कोकरंही नव्हती.

"कालच कडंला पावलं दिसली व्हती," मामा म्हणाले. "उसातून आलेली. म्या बटन दाबलं. आलं धन्यवाद. पथक निघालं हाय म्हनलं. मग कशाला उठवू मेंढरं? येत्याल म्हनून बसलो."

मी तिथेच बाजेवर लॅपटॉप उघडला. शोधायला वेळ लागला नाही. बिबट्याच्या नव्या आवृत्तीत पत्ता बदलला होता आणि दारावर नियम जुनाच होता. खबरा दारापर्यंत येत होत्या, पण त्यांना आत न्यायला नियमच नव्हता. अशी चूक कोणाच्याही हातून होते. पण अशा वेळी दारानं 'नाही' म्हणायला हवं होतं. आमचं दार 'नाही' म्हणतच नव्हतं. ज्याला कुठेच जागा नाही त्याच्यासाठी सरांनी एक वेगळा छोटा प्रोग्राम बसवला होता, आणि त्याला एकच वाक्य येत होतं. तुमची नोंद झाली आहे, पथक निघालं आहे, धन्यवाद. मी गंमत म्हणून पत्त्यात वाट्टेल ती अक्षरं टाकून बघितली. त्यांनाही पथक निघालं.

मी सरांना फोन लावला.

"अगं, एरर दिसली की लोक ॲप काढून टाकतात," सर म्हणाले. "धन्यवाद दिसलं की त्यांना बरं वाटतं. पब्लिकला फील चांगला द्यायचा असतो."

"सर, कुत्री गेली. दोन कोकरं गेली. उद्या माणूस जाईल."

"वाईट झालं. पण आज मोठ्या लोकांना डेमो आहे, तू आता काही हलवू नकोस."

त्यांच्या मागे चमच्यांचा आवाज येत होता. माणूस जेवता जेवता हे बोलत होता, आणि घास अडकला नाही. मला इतकी किळस आली की फोनही हातात धरवेना.

दाराच्या चाव्या माझ्याकडे नव्हत्या, पण सरांचा पासवर्ड आख्ख्या टीमला पाठ होता. मी नियम बदलला, बिबट्याची वाट नीट केली. धन्यवादाचं पान काढून तिथे लिहिलं, 'नोंद झालेली नाही. गाडी येणार नाही. तुमचं तुम्ही बघा.' माझ्या आयुष्यातलं सर्वांत प्रामाणिक काम तेच.

तासाभरात सरांचा मेसेज आला. सगळं होतं तसं परत केलंय, तू उद्यापासून येऊ नकोस. लगेच माझा प्रवेश बंद झाला. सगळं म्हणजे नुसतं धन्यवादाचं पान, की बिबट्याचा नियमही, हे विचारलं. उत्तर आलं नाही.

मी हे मामांना सांगत होते, तेवढ्यात त्यांनी उसाच्या कडेला मान वळवली. तिथे नवी पावलं होती, ओली. त्यांनी खिशातून फोन काढला आणि बटण दाबलं. हिरवी खूण आली. नोंद झाली आहे, पथक निघालं आहे, धन्यवाद.

"काल बी हेच म्हनलं व्हतं," मामा म्हणाले. "आता ह्यो खरा का ह्यो बी तसलाच?"

मी पडदा बघितला. अक्षर न अक्षर तेच. खबर आत गेली असती तरी हेच पान दिसलं असतं आणि दारातच मेली असती तरी हेच. इतकी वर्षं हेच काम करून मला माझ्या मामांना सांगता येईना.

"नाय कळत, मामा," मी म्हणाले.

"नाय म्हनायला त्येंचं काय जात व्हतं?" ते माझ्यावर नाही, फोनवर चिडले होते. "काल नाय म्हनले असते तर आमी कालच उठलो असतो."

त्यांनी मामींना हाक मारली. अजून चांगलं ऊन होतं. मामींनी पट्टा पिशवीत टाकला, मी जाळीच्या खुंट्या उपटायला घेतल्या. अर्धं रान बसवायचं राहिलं होतं.

"शेतकऱ्याला काय सांगायचं?" मी विचारलं.

मामांनी जाळीची गुंडाळी खांद्यावर घेतली.

"नाय जमलं म्हनून सांगायचं," ते म्हणाले. "त्येच्या दारात जाऊन."