भिंतीआडचे सिनेमे

कँटीनअत्याने जितके सिनेमे ऐकले तितके तंजावुरात कुणी पाहिले नसतील. 'ऐकले' हा शब्द मी जाणूनबुजून वापरते आहे. जुन्या बसस्टँडजवळच्या थिएटरचं कँटीन माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, चालवायला घेतलं होतं आणि त्यांची थोरली बहीण, म्हणजे माझी अत्या, तिथला स्वयंपाक बघायची. कँटीनची आणि पडद्याची भिंत एकच. त्या भिंतीला पाठ लावून अत्याने तीस-पस्तीस वर्षं वडे तळले आणि एकदाही आत जाऊन खुर्चीवर बसली नाही. कढई सोडून जायचं कसं, असं ती म्हणायची, आणि 'मी बघतो कढई' असं कुणी कधी म्हटलं नाही.

शुक्रवारी नवा सिनेमा लागला की पहिल्या खेळाला तिचं एक काम ठरलेलं असे. इंटरवलची गर्दी ओसरली की हात पुसून ती भिंतीला कान लावायची. नटांचे संवाद तिला नको असत, तिला माणसं ऐकायची असत. खुर्च्या किती करकरतात, खोकला कुठे सुरू होतो, शेवटच्या मारामारीत पोरं रडतात की गप्प बसतात. मग ती शनिवारच्या वड्यांचे उडीद भिजत घालायची. पडी हे आमच्याकडचं माप. चार पडी उडीद भिजले की सिनेमा चालणार, एकच पडी भिजले की आठवड्यात पोस्टर उतरणार. अण्णा नटाचं नाव बघून कुरकुरायचे, पण अत्या त्यांना विचारत नसे आणि तेही तिला विचारत नसत. तिचा अंदाज चुकल्याचं मला आठवत नाही.

तरीही चारचौघांत सिनेमाचा विषय निघाला आणि अत्या काही बोलली, की अण्णा हसून म्हणायचे, "आमच्या अक्कानं एक पडम पाहिलं नाही, आणि बोलणं बघा." पडम म्हणजे सिनेमा. सगळे हसायचे. अत्या पदराला हात पुसत आत जायची. तिला ते लागायचं, हे मला लहानपणीही कळत होतं. मी अण्णांना कधी काही बोलले नाही, याची अजून लाज वाटते.

पुढे थिएटर बंद झालं, तिथे लग्नाचा हॉल आला. अत्याने कँटीनमधला दगडी रगडा तेवढा घरी आणून मागच्या अंगणात ठेवला. मी विमा कंपनीत नोकरीला लागले आणि काही वर्षांपूर्वी हौसेने पॉडकास्ट सुरू केला. आमच्या भागातली पोरं मोबाइलवर दहा-दहा मिनिटांच्या फिल्म करतात. रविवारी दुपारी त्यांना घरी बोलवायचं, फिल्म बघायची आणि तमिळमधून गप्पा रेकॉर्ड करायच्या. कुकरची शिट्टी होऊ न देणं हे अत्याचं काम. पहिल्याच रविवारी तिने मला आमच्या घरच्या जुन्या तंजावुरी मराठीत विचारलं, "दहा मिनिटांचं पडम? इंटरवल नाही? मग लोकांनी कॉफी केव्हां प्यावी?" मी तोच प्रश्न पाहुण्याला विचारला, आणि बिचाऱ्याची पाचावर धारण बसली.

एका रविवारी तिरुवैयारुची कयल आली. नुकतीच कॉलेजातून बाहेर पडलेली, शांत मुलगी. तिच्या फिल्ममध्ये दोन जावा एकाच रगड्यावर शेवटचं पीठ वाटत असतात, कारण उद्या घराची वाटणी आहे. मला फिल्म फार आवडली. अण्णांनाही आवडली. अत्या आमच्याकडे पाठ करून शेवग्याचा पाला निवडत होती. रेकॉर्डिंग सुरू करून मी कौतुकाला सुरुवात केली, तोच ती मान न वळवता तमिळमध्ये म्हणाली, की रगडा रिकामा आहे, आत दाणा नाही.

कयलचा चेहरा उतरला. फिल्म आठवड्यापूर्वीच स्पर्धेला गेली होती. तेवढा भाग कापाल का, असं तिने हळूच विचारलं आणि अर्धी कॉफी टाकून गेली. अण्णा म्हणाले, काप, हिने सिनेमा पाहिलाय कधी? मी कॉम्प्युटर उघडला. अत्या दारात उभी होती.

"काप की," ती म्हणाली. "पोरीस वाईट वाटूं नये. पण मी बोललें तें खोटं म्हणून कापूं नको."

माझा हात थांबला. मी बाहेर येऊन कयलला फोन लावला आणि अत्याचं वाक्य जसंच्या तसं तमिळमध्ये सांगितलं. कयलने कबूल केलं, की रगडा खरंच रिकामा होता. दर टेकला नवे तांदूळ-उडीद कुठून आणणार, म्हणून नट्यांनी नुसता दगड फिरवला होता.

त्या रविवारचं रेकॉर्डिंग मी प्रसिद्धच केलं नाही. पुढच्या रविवारी कयल माइक घेऊन आमच्या अंगणात हजर. अत्याने तासभर पीठ वाटलं. आधी खरखर, मग जडसर घरघर, आणि शेवटी पीठ लोण्यासारखं झालं तसा आवाज जवळजवळ थांबला. माइक बंद झाल्यावर अत्या मला म्हणाली, "हीस सांग, पीठ होईस्तोवर बायका बोलत नाहींत. दगड गप्प झाला की मग बोलतात." कयलने फिल्म पुन्हा जोडली. जावांचं सगळं बोलणं तिने शेवटच्या दोन मिनिटांत नेलं.

त्यानंतर अत्या माझ्या पॉडकास्टची कायमची पाहुणी झाली. लोकांची सिनेमाची आवड कशी बदलली, हे तिच्याइतकं सोपं करून कुणी सांगितलं नाही. पूर्वी लोक रडक्या प्रसंगाला बाहेर यायचे, मग गाण्यांना येऊ लागले, शेवटी शेवटी बाहेरच येईनात, आत बसून फोन बघायचे. थिएटर बंद होणार हे तिला तेव्हाच कळलं होतं. लोक मला गल्लीत थांबवून तिची चौकशी करायचे आणि मी ताठ मानेने सांगायचे, हो, माझी अत्या.

गेल्या वर्षी ती गेली. पण जाण्याच्या काही महिने आधी कयलची फिल्म एका कॉलेजच्या सभागृहात दाखवली, ती संध्याकाळ तिच्या वाट्याला आली याचं मला समाधान आहे. आयुष्यात पहिल्यांदा ती पडद्यासमोर बसली, अण्णांच्या शेजारी. दोन मिनिटं तिने बघितलं आणि डोळे मिटले. तिच्या रगड्याचा आवाज सभागृहात फिरत होता. तो थांबला तेव्हा एकही खुर्ची करकरली नाही. शेवटी पडद्यावर अत्याचं नाव आलं: ध्वनी, कमलाबाई. अण्णांनी ते तमिळमधलं नाव अक्षर अक्षर लावून मोठ्याने वाचलं. मी रडले, सांगायला संकोच कसला.

गर्दी नको म्हणून आम्ही तिघं लगेच बाहेर पडलो. पायऱ्या उतरताना अण्णांनी तिचा हात धरला होता. मधल्या पायरीवर ते थांबले.

"अक्का," ते म्हणाले, "उद्यास उडीद किती भिजवूं?"

अत्याने मागे वळून दाराकडे कान दिला.

"चार पडी," ती म्हणाली. "कोणी उठलं नाही अजून."