गादीवाल्यांना सूट

कोणावरही विश्वास न ठेवता सुखाने जगणारा माणूस अख्ख्या जबलपुरात एकच असेल, आणि ते माझे थोरले साडू आहेत. एका कॉलेजात ते ईमेलची व्यवस्था पाहतात. कुठली मेल आत घ्यायची आणि कुठली दारातूनच परत पाठवायची, हे त्यांच्या हातात. तोच स्वभाव ते घरीही आणतात. रांझीच्या त्यांच्या घराची घंटा वाजवली की जाळीआडून आधी प्रश्न येतो, "अच्छा, कोण? काम काय?" एकदा मी दिवाळीचा फराळ घेऊन गेलो, तेव्हाही त्यांनी कामच विचारलं. "चकल्या," मी म्हणालो, तेव्हा कुठे कडी निघाली.

पण त्यांची खरी हुकमत काळ्या यादीवर. ऊठसूट जाहिराती पाठवणाऱ्या कंपन्यांची नावं तिच्यात. एखाद्या नावाला सूट हवी असेल तर छापील अर्ज भरायचा, त्यात कारणाचा रकाना. प्राचार्यांचीही त्यातून सुटका नाही. "डोमेन, म्हणजे पत्त्यातलं @च्या पुढचं नाव, हे आडनावच, भाऊ," ते मला समजावतात. "एकाला सूट दिली की अख्खं खानदान आत घुसते."

अशा माणसाच्या मुलीने गेल्या वर्षी संरक्षण खात्याच्या फॅक्टरीतली पक्की नोकरी सोडली आणि ती इंदूरला गाद्या विकणाऱ्या कंपनीत जाहिराती लिहायला गेली. आमच्याकडे मुलगी पळून गेली तर लोक एक वेळ समजून घेतात. केंद्र सरकारची नोकरी सोडली तर सांत्वनाला येतात. साडूंनी तिचे फोन घेणं बंद केलं. तिने कॉलेजच्या पत्त्यावर मेल लिहिल्या, पण तिची कंपनी काळ्या यादीत. सगळ्या परत गेल्या. शेवटी ती मावशीजवळ, म्हणजे माझ्या बायकोजवळ रडली आणि मला साडूंकडे जावं लागलं.

"काहून वकिली करून राहिले तुम्ही?" साडू म्हणाले. "नियम आहे. अर्ज करायला सांगा तिला."

पोरगीही बापाच्याच वळणाची. आठवड्याभरात टपालाने रीतसर अर्ज आला. साडूंनी मला बोलावून घेतलं आणि कागद पुढे केला. कारणाच्या रकान्यात लिहिलं होतं : बाबा फोन उचलत नाहीत.

त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं. "कारण पटण्यासारखं आहे," म्हणाले आणि 'मंजूर' लिहून सही केली.

तेव्हापासून कॉलेजभर गाद्यांच्या जाहिराती येतात. प्राध्यापक कुरकुरतात, प्राचार्य बोलावून झापतात. साडू मुकाट ऐकून घेतात, सूट मात्र काढत नाहीत. मुलीची मेल महिन्यातून एखादी येते. मधल्या दिवसांत ते त्या जाहिराती वाचत बसतात, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. "ही तिनेच लिहिली असेल का, भाऊ?" मला विचारतात. मी दर वेळी हो म्हणतो.